सकाळच्या अडीच तासांची शाळा : प्लेग्रुप निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात मी बरीच वर्षं बालवर्गाची ताई होते. शाळा सुटली, फोन सुटला नाही. दिवाळी संपली की भाचीची मैत्रीण, तिची जाऊ, तिच्या सोसायटीतली कोणीतरी, असे फोन सुरू होतात आणि प्रश्न फिरून तेच असतात. म्हणून एकदाचे लिहून काढले. उत्तरं दोन ते साडेतीन वर्षांच्या मुलांसाठी आणि फक्त सकाळच्या, दोन-तीन तासांच्या शाळेसाठी आहेत.

१. प्लेग्रुप, नर्सरी, बालवाडी, अंगणवाडी यांत नक्की फरक काय?

पाटी वेगळी, आत बरंचसं तेच. साधारण दोन ते तीन वर्षांच्या मुलांचा प्लेग्रुप, मग नर्सरी, मग छोटा आणि मोठा शिशू (म्हणजेच ज्युनियर आणि सीनियर केजी), मग पहिली. बालवाडी, बालक मंदिर, खेळघर ही याच वर्गांची जुनी किंवा मराठी नावं.

अंगणवाडी मात्र सरकारी. २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेतली. तिथे तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवण्याबरोबर आहार, वजन-उंचीची नोंद आणि लसीकरणाची आठवण हेही असतं. फी नसते. अंगणवाडीच्या कल्पनेमागे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांचं पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडचं काम आहे. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच पाड्यावर, मुलांच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा मार्ग. तेव्हा जवळ चांगली अंगणवाडी असेल तर नाक मुरडू नका, आधी बघून या.

२. दोन वर्षांच्या मुलाला शाळेत घालावंच लागतं का?

नाही. कायद्याने सक्तीचं शिक्षण सहाव्या वर्षापासून. तिसऱ्या वर्षाआधी शाळेत न गेलेलं मूल पुढे मागे पडतं, असं मी तरी पाहिलेलं नाही. घरात आजी-आजोबा, शेजारी दोन मुलं आणि खेळायला जागा असेल तर निवांत थांबा.

पण मूल दिवसभर एकाच मोठ्या माणसाबरोबर चार भिंतींत असेल, बरोबरीचं कोणी दिसतच नसेल, किंवा तुम्हालाच दोन तास उसंत हवी असेल, तर सकाळची शाळा उत्तम. शेवटचं कारण सांगताना बऱ्याच आया ओशाळतात. ओशाळण्यासारखं त्यात काहीही नाही.

३. वयाचा सरकारी नियम काय? आमची मुलगी जानेवारीतली आहे.

महाराष्ट्रात ३१ डिसेंबर ही तारीख धरतात. पहिलीत जाणाऱ्या मुलाला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. शासनाने ही तारीख सप्टेंबर २०२० मध्ये ठरवली. त्याच हिशेबाने पहिलीच्या तीन पायऱ्या आधीच्या वर्गाला, म्हणजे नर्सरीला, तीन वर्षं.

उदाहरण घ्या. २० डिसेंबर २०२३चा मुलगा जून २०२६ मध्ये नर्सरीला बसू शकतो, तेव्हा तो अडीच वर्षांचा असेल. ५ जानेवारी २०२४ची मुलगी जून २०२७ मध्ये बसेल, तेव्हा ती जवळपास साडेतीनची. वयात सोळा दिवसांचं अंतर, शाळेत एका वर्षाचं. जानेवारीच्या मुलीच्या आईला हे नुकसान वाटतं. मला ते वरदान वाटतं : ती शूला कधी जायचं ते सांगते, डबा स्वतः उघडते आणि 'आई दुपारी येईल' या वाक्याचा अर्थ तिला कळतो. उलट डिसेंबरच्या मुलाला 'बसतो' म्हणून बसवलंच पाहिजे असं नाही. एक वर्ष थांबवलं तरी चालतं.

पुढे केंद्रीय विद्यालयाचा विचार असेल तर तिथे तारीख वेगळी आहे : पहिलीसाठी ३१ मार्चला सहा वर्षं पूर्ण. हे आधीच मोजून ठेवा.

४. मग दोन वर्षांच्या मुलांना प्लेग्रुपमध्ये घेतात ते कसं?

नर्सरीच्या आधीचं ते जादा वर्ष. पुष्कळ खाजगी शाळा घेतात. पहिलीच्या शिडीत ते मोजलं जात नाही, एवढं लक्षात ठेवा. 'आत्ता प्लेग्रुपला घातलं नाही तर वर्ष वाया जाईल' असं कोणी म्हणालं तर चहा संपवून निघा.

५. किती तास? रोज की आठवड्यातून तीन दिवस?

अडीच वर्षांच्या मुलाला दोन ते अडीच तास भरपूर होतात. केंद्र सरकारच्या २०१३च्या बालशिक्षण धोरणात तीन ते सहा वयासाठीसुद्धा तीन-चार तासच धरले आहेत.

रोज की दिवसाआड, यावर माझं मत ठाम आहे : कमी वेळ, पण रोज. सोमवार-बुधवार-शुक्रवार जाणारी मुलं रुळायला जास्त दिवस घेतात, कारण प्रत्येक सोमवार त्यांना पहिला दिवस वाटतो.

वेळ ठरवताना झोपेचा हिशेब मांडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशीनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसाची झोप धरून ११ ते १४ तास झोप हवी, तीन-चार वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास. शाळा साडेआठची असेल तर मूल सातला उठणार, म्हणजे रात्री नऊला झोपायला हवं. तुमच्या घरी बाबा साडेनऊला येत असतील आणि मूल त्यांच्यासाठी जागं राहत असेल, तर साडेनऊ-दहाला भरणारी शाळा बघा.

६. शाळा शोधायला कधी निघायचं?

जूनसाठी डिसेंबर-जानेवारीत. पण निघण्याआधी घरापासून पायी दहा मिनिटांचं वर्तुळ आखा आणि पहिल्या तीन शाळा त्यातल्याच बघा. पावसाळ्यात, एका हातात छत्री आणि कडेवर झोपाळलेलं मूल घेऊन, ते अंतर तुम्हाला रोज दोनदा तोडायचं आहे.

७. शाळा बघायला गेल्यावर काय बघायचं?

सगळ्यात आधी, शाळा चालू असताना जा. शनिवारी दुपारी बोलावून रिकामे वर्ग दाखवतात, त्याला शाळा बघणं म्हणत नाहीत. जागा दिसते, माणसं दिसत नाहीत. आणि तुम्ही माणसं निवडायला गेला आहात.

मी सांगते ती वेळ सुटण्याआधीची पंधरा मिनिटं. दाराशी उभं राहा. मुलं चपला घालत असतील. एखादा मुलगा खाली बसून, जीभ बाहेर काढून, डाव्या पायात उजवी सँडल कोंबत असतो. ताई शेजारी उकिडवी बसून नुसती बघत असते. फार तर बेल्ट सैल करून देते. अशा शाळेतून निम्मी मुलं उलट्या चपला घालून बाहेर पडतात. ती शाळा चांगली. जिथे मावशी रांगेत सगळ्यांना पटापट चपला चढवून, केस विंचरून, पावडर लावून उभं करते, तिथे आतही तेच चाललेलं असतं : चित्र ताई काढते, रंग ताई भरते, खाली नाव मुलाचं.

मग भिंती बघा. तीस सारखे कापसाचे ससे म्हणजे मोठ्यांचं हस्तकौशल्य. वेडेवाकडे फराटे, एकासारखा दुसरा नाही, तेही मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलेले, म्हणजे मुलांचं काम.

खेळणी कपाटावर प्लास्टिकच्या कव्हरमध्ये आहेत की खाली, हाताशी? वाळू, माती, पाणी यातलं काही आहे का? भातुकली, मणी, ठोकळे झिजलेले असतील तर आनंद माना.

शी-शूची जागा न लाजता बघा. फरशी कोरडी हवी, भांडं छोटं हवं आणि आतल्या बाजूने कडी मुलाच्या हाताला लागता कामा नये. एकदा आमच्याकडे एक मुलगी आत अडकली होती. सात मिनिटं. बाहेरून तिला गाणं म्हणून दाखवत होते, आतून ती म्हणत होती आणि सुतार येईपर्यंत माझे पाय लटपटत होते. दुसऱ्या दिवशी कडी काढून टाकली, जी पहिल्या दिवसापासूनच नको होती.

शेवटी कान. ताई मुलाला नावाने हाक मारते की 'ए, खाली बस' म्हणते? वर्गात अगदी शांतता असेल तर ती शंका घेण्यासारखी गोष्ट आहे.

८. एका ताईकडे किती मुलं असावीत? खोली केवढी?

वर उल्लेखलेल्या २०१३च्या धोरणात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक मोठं माणूस आणि तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक, असं प्रमाण आहे. खोलीचं मापही आहे : तीस मुलांना निदान ३५ चौरस मीटर, म्हणजे साधारण पावणेचारशे चौरस फूट, आणि बाहेर खेळायला ३० चौरस मीटर. हा भागाकार केला तर फ्लॅटमधल्या दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये नऊ-दहाच मुलं बसतात. फ्लॅटमध्ये चालणाऱ्या प्लेग्रुपला जाल तेव्हा हे मनात मोजा.

मी आणखी एक विचारते : एका मुलाची चड्डी बदलायला ताई आत गेली तर उरलेल्या नऊ जणांजवळ कोण? वर्गात मावशी असेल तर प्रश्न मिटला. मावशी फाटकावर, झाडलोटीला आणि चहालाही तीच असेल तर नाही.

९. किती दिवस रडेल? दारात सोडून निघून यायचं का?

बहुतेक मुलं दोन ते चार आठवड्यांत रुळतात. पहिले दोन दिवस मजेत जाऊन तिसऱ्या दिवशी भोकाड पसरणारीही असतात, कारण हे रोजचं आहे हे त्यांना तिसऱ्या दिवशी कळतं. सर्दी-तापाने आठवडा घरी राहिलं किंवा दिवाळीची सुट्टी झाली की पुन्हा दोन-तीन दिवस पहिले पाढे पंचावन्न.

पहिल्या आठवड्यात आईला किंवा आजीला वर्गात बसू देतात का, हे प्रवेशाआधी विचारा. 'पालकांना गेटच्या आत येता येणार नाही, त्यानेच सवय लागते' असं म्हणणारी शाळा मी घेणार नाही. पहिले दिवस अर्धा-पाऊण तास, मग हळूहळू वाढवत नेणारी शाळा घ्या.

नजर चुकवून पळून मात्र येऊ नका. मूल खेळात रमलंय बघून सटकलात तर उद्यापासून ते रमणारच नाही, तुमच्या ओढणीवर लक्ष ठेवून बसेल. सांगून निघा, एकच वाक्य, रोज तेच : 'खाऊ झाला की आई येणार.' आणि खाऊ झाला की या. पाच मिनिटंही उशीर नको.

घरची एखादी वस्तू बरोबर द्या. माझ्या वर्गात एक मुलगा बाबांचा रुमाल खिशात घेऊन यायचा. रडू आलं की काढून वास घ्यायचा, पुन्हा घडी करून ठेवायचा. घडी कसली, बोळाच. ऑगस्टमध्ये तो रुमाल मला घसरगुंडीखाली सापडला. त्याला पत्ताही नव्हता.

महिना उलटून गेला, मूल शाळेतही बराच वेळ रडतं, खात नाही, रात्री दचकून उठतं, तर वयाआधी घातलं असेल किंवा जागा चुकली असेल. थांबवा. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघा.

१०. अजून डायपर लावतो. शाळा घेईल का?

चांगली शाळा घेते. 'डायपर सुटल्याशिवाय प्रवेश नाही' ही अट दोन वर्षांच्या मुलाला लावणं म्हणजे मावशीचा पगार वाचवणं. दोन चड्ड्या, एक विजार आणि ओल्या कपड्यांची पिशवी रोज द्या. घरी कोरडा राहणारा मुलगा शाळेत गेल्यावर पुन्हा ओलं करायला लागला तर घाबरू नका, होतं तसं. बदलताना कोण बदलतं आणि कुठे, हे जरूर विचारा (प्रश्न १६ पाहा).

११. मराठी शाळा की इंग्रजी?

हा प्रश्न बाबा विचारतात. या वयात भाषा म्हणजे विषय नव्हे. पोटात दुखतंय, त्याने माझी गाडी घेतली, मला शू लागली, हे सांगायचं साधन आहे. ते घरच्या भाषेत असलं तर मूल सांगतं, नाहीतर गप्प बसतं. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि पायाभूत स्तराचा २०२२चा अभ्यासक्रम आराखडा, दोन्ही घरच्या भाषेवरच भर देतात. पुढे इंग्रजी माध्यम घ्यायचं ठरलं असेल तरी आत्ता मराठी बोलणारी ताई आहे का, एवढं बघा.

घरी कन्नड, हिंदी किंवा कोकणी बोलत असाल तर त्या भाषेतले पाच-सहा शब्द (पाणी, शू, दुखतं, आई, भूक) कागदावर लिहून ताईला द्या.

१२. लिहायला कधी शिकवतात? शेजारची मुलगी एबीसीडी काढते.

काढू दे. तीन वर्षांच्या मुलाच्या बोटांत पेन्सिल धरण्याची ताकदच आलेली नसते. ती येते कणीक मळून, मणी ओवून, कागद फाडून, ओली फडकी पिळून. वरच्याच २०२२च्या आराखड्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाठ्यपुस्तक नाही. प्लेग्रुपच्या यादीत चार वह्या आणि वर्कशीटचं पुस्तक असेल तर ती यादी शाळेबद्दल पुरेसं सांगते. गृहपाठाबद्दल तर बोलूच नये.

१३. डब्यात काय द्यायचं? शाळेचा खाऊ असेल तर?

स्वतःच्या हाताने खाता येईल ते. पोळीचा लाडू, छोटे घावन, उकडलेलं रताळं, केळं. अख्खी द्राक्षं, शेंगदाणे, चणे-फुटाणे, पॉपकॉर्न नको. या वयात घशात अडकतात. शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी असेल तर ती लेखी द्या. तोंडी सांगितलेलं बदली ताईपर्यंत पोचत नाही. शाळेचा खाऊ असेल तर आठवड्याचा तक्ता मागा आणि त्यात बिस्किटं किती वेळा आहेत ते मोजा.

१४. फी भरताना काय विचारायचं?

वर्षाचा एकूण आकडा. महिन्याची फी कमी दिसते आणि मग प्रवेश शुल्क, डिपॉझिट, गणवेश, साहित्य, गॅदरिंगचे कपडे, सहल असं एकेक निघतं. सगळं एका कागदावर लिहून मागा.

दुसरं : जूनमध्ये मूल रमलं नाही तर काय परत मिळेल? माझ्या थोरल्या मुलीच्या वेळी मी हे विचारलं नव्हतं. स्वतः या धंद्यातली असून. एका चकचकीत शाळेत वर्षाची फी एकरकमी भरली, नवव्या दिवशी काढून घेतली आणि हातात एक पैसा परत आला नाही. पावतीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं. शक्य असेल तर तीन महिन्यांचे हप्ते घ्या, मग थोडे जास्त पडले तरी.

१५. शाळेला सरकारी परवानगी आहे का, हे कसं कळणार?

विचारा आणि कागद बघा. खाजगी पूर्वप्राथमिक वर्गांवर वर्षानुवर्षं फारशी देखरेख नव्हती. २०२५ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने या वर्गांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं. नोंदणी झाली आहे का, जागा भाड्याची असेल तर सोसायटीची हरकत नाही ना, आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट कुठली, हे तीन प्रश्न पुरेत. प्रसिद्ध साखळीचं नाव पाटीवर असलं तरी ही शाखा चालवणारी बाई वेगळी असते. तिला भेटा.

१६. सुरक्षिततेचं काय? कॅमेरे आहेत म्हणतात.

कॅमेरे असावेत, पण कॅमेरा घडून गेल्यावर दाखवतो. त्याआधीच्या गोष्टी अशा : मुलाला न्यायला येणाऱ्यांची फोटोसह यादी शाळेकडे आहे का? अनोळखी काका आले तर आईला फोन करतात का? शी-शूला नेणारी बाईच असते का? कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का? तुमच्यासमोर एखादं मूल कोणाच्या हाती देतात ते बघा, उत्तर मिळेल.

व्हॅन किंवा रिक्षा या वयाला मी नकोच म्हणते. नाइलाज असेल तर आत बाई मदतनीस हवीच.

काही वावगं घडल्याचा संशय आला तर शाळेशी घासाघीस करत बसू नका. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८. मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती दडपून ठेवणं हाच गुन्हा आहे, शाळेसाठीसुद्धा.

१७. आम्ही दोघं नोकरी करतो. साडेअकराला कोण आणणार?

मग तुमचा प्रश्न शाळेचा नाही, पाळणाघराचा आहे आणि तो आधी सोडवा. पाळणाघर पक्कं करा, त्याच्या जवळची शाळा घ्या. पाळणाघरातल्या काकू स्वतः आणायला जातात का, ते विचारा. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी, असा नियम २०१७मध्ये मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीने आला. ऑफिसात विचारून बघायला हरकत नाही.

आजी आणणार असतील तर त्यांचे गुडघे आणि शाळेचा जिना, दोन्ही बघून ठरवा.

१८. शाळेत घातल्यापासून सारखा आजारी पडतो. काढून घेऊ का?

पहिल्या पावसाळ्यात सर्दी-खोकला मागे लागतोच. हात-पाय-तोंडावर फोड येणारा तो ताप (डॉक्टर हँड-फूट-माउथ म्हणतात) वर्गभर फिरतो. ताप असताना, उलट्या-जुलाब होत असताना, फोड ओले असताना घरी ठेवा आणि शाळेला कळवा. औषध पाजून सोडून जाणाऱ्या पालकांना शाळा परत पाठवते का? पाठवत असेल तर ती तुमच्या मुलाचीही काळजी घेते आहे. दीड-दोन वर्षांचे बूस्टर राहिले असतील तर प्रवेशाआधी देऊन घ्या.

१९. अजून बोलत नाही. शाळेत घातलं की बोलेल का?

शाळेवर सोडू नका. दुसरं वर्ष पूर्ण झालं आणि 'आई ये', 'पाणी दे' असे दोन शब्द जोडत नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जा, आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली (२०१३पासून) जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात ही तपासणी मोफत होते. शाळेची मदत होते, पण उपचाराच्या जोडीने. शाळेपासून काही लपवू नका. 'सांगितलं तर घेणार नाहीत' अशी भीती असेल तर जी शाळा सांगितल्यावर घेत नाही, ती तशीही उपयोगाची नव्हती.

२०. आमचा मुलगा दुसऱ्यांना चावतो. शाळेने 'काढून घ्या' सांगितलंय.

तीन वर्षांच्या आतली मुलं चावतात. शब्द अपुरे पडतात तिथे दात पुढे येतात. भुकेल्या वेळी, गर्दीत, एखाद्या खेळण्यावरून, कधी होतं त्याची आठवडाभर नोंद ठेवायला ताईला सांगा. वेळ सापडली की निम्मं काम होतं. ताई 'नोंद कसली, हा आहेच असा' म्हणाली, तर शाळेच्या आधी तुम्हीच काढून घ्या. ज्याला चावलं त्याच्या आईला फोन मात्र करा.

२१. 'आज शाळेत काय केलंस?' विचारलं की 'काही नाही' म्हणते.

फार मोठा प्रश्न विचारला. 'आज कोणाच्या डब्यात काय होतं?' असं विचारून बघा. डब्यापासून सुरुवात झाली की ओवीने सोनूला ढकललं, ताईंची बांगडी फुटली, गाडीचं चाक निघालं, सगळं बाहेर येतं. त्यातलं निम्मं कालचं असतं आणि थोडं घडलेलंच नसतं. पण एकच गोष्ट, एकाच माणसाबद्दल, वेगवेगळ्या दिवशी तिने आपणहून सांगितली, तर ती रचलेली गोष्ट समजू नका. खोदून विचारू नका, शांतपणे ऐका, तिचेच शब्द लिहून ठेवा आणि प्रश्न १६ पाहा.